तीन पाइपांची आकृती

‘बीनॲनिमल’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या एका अमेरिकन हौशी मत्स्यपालकाने 2000 च्या दशकात एक आकृती मांडली. आज अनेक देशांतल्या घरगुती फिशटँकांच्या मागे तिची नक्कल सापडते. टाकीच्या मागच्या काचेला एक अरुंद कप्पा, त्यात शेजारीशेजारी पीव्हीसीचे तीन पाइप, खाली कपाटात संप म्हणजे दुसरी टाकी आणि संपमध्ये पाणी परत वर चढवणारा पंप. दिसायला एवढंच. पण ही आकृती सावकाश वाचावी अशी आहे, कारण तिच्यातला प्रत्येक तुकडा काहीतरी बिघडणार हे गृहीत धरूनच जागेवर बसवलेला आहे.

पहिल्या पाइपापासून सुरुवात करू. वरून सांडणारं जवळजवळ सगळं पाणी खाली नेणं हे त्याचं काम. तो पूर्ण भरून वाहतो, आत हवा नसते, म्हणून गुडगुड आवाजही होत नाही. त्याच्यावर गेट व्हॉल्व्ह असतो. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात उघडतो नि मिटतो, त्याने इतकं बारीक जुळवता येत नाही. पंप जेवढं पाणी वर चढवतो त्याहून किंचित कमी पाणी या पाइपातून उतरेल असा व्हॉल्व्ह लावायचा. उरलेली बारीक धार दुसऱ्या पाइपाच्या आतल्या भिंतीला चिकटून गुपचूप खाली जाते. पंपाचा जोर थोडा कमीजास्त झाला तरी तो फरक ही धार सामावून घेते, व्हॉल्व्हला रोज हात लावावा लागत नाही.

खरी बहार आहे ती या दुसऱ्या पाइपाच्या डोक्यावरच्या हवेच्या नळीत. बोटभर जाडीचीही नसलेली ही नळी वरून वळवून तिचं तोंड खाली आणलेलं असतं, नेहमीच्या पाणीपातळीच्या जरासं वर. एरवी तिच्यातून पाइपात हवा जात राहते. समजा, पहिल्या पाइपात गोगलगाय अडकली. कप्प्यातलं पाणी चढू लागतं, नळीच्या तोंडाला टेकतं आणि हवा बंद होते. त्याबरोबर दुसरा पाइपही पूर्ण भरून, सगळ्या ताकदीने वाहू लागतो. फ्लोट स्विच नाही, सेन्सर नाही, वीज नाही. पाणी चढणं हे बिघाडाचं लक्षण, आणि त्याच चढण्याने उपाय सुरू होतो. इतकी नेमकी कल्पना मी घरगुती प्लंबिंगमध्ये दुसरीकडे पाहिलेली नाही.

तिसरा पाइप धरणाच्या सांडव्यासारखा, एरवी कोरडा. त्याचं तोंड सर्वांत वर. त्याचं खालचं टोक मात्र मुद्दाम पाहावं. पहिल्या पाइपाचं टोक संपच्या पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडालेलं असतं. त्याहून खोल गेलं तर पंप सुरू होताना पाइपातली हवा बाहेर पडायला अडते. तिसऱ्याचं टोक पाण्याच्या वरच थांबवलेलं असतं, म्हणजे त्यात पाणी आलंच तर ते धो धो कोसळतं आणि घरातल्या कोणालाही ऐकू येतं. शांततेसाठी एवढी मेहनत घेतलेल्या रचनेत आवाज करायचं काम एकट्या या पाइपाकडे आहे.

आता पाणी वर नेणारी बाजू. वीज गेली की पंप थांबतो आणि वरचं पाणी परतीच्या पाइपातून उलटं खाली येऊ लागतं. 120 बाय 60 सेंटिमीटरच्या टाकीत पातळी 2.5 सेंटिमीटर उतरली तर 18 लिटर पाणी संपमध्ये येतं. परतीच्या पाइपाचं तोंड 10 सेंटिमीटर खोल असेल तर तेच 72 लिटर होतं, आणि हॉलमध्ये तळं साचतं. एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, बसवला की झालं, असं प्लंबर सांगतात. पण एनआरव्हीच्या झडपेवर शेवाळ नि क्षार बसतात, मग ती नीट मिटत नाही. म्हणून तोंड पृष्ठभागाच्या अगदी जवळ ठेवावं आणि संपमध्ये तेवढी जागा रिकामी सोडावी. एनआरव्ही असला तर जादाचा आधार. उलट दिशेनेही हिशेब हवा: तिन्ही पाइप तुंबले आणि पंपाच्या कप्प्यातलं सगळं पाणी वर गेलं, तरी टाकी काठावरून वाहता कामा नये.

एका मोठ्या पंपाऐवजी दोन लहान पंप घ्यावेत, हे आता बरेच जण करतात. त्यात एक गोम आहे. दोन्ही पंप टी लावून एकाच पाइपाला जोडले, तर बंद पडलेल्या पंपातून चालू पंपाचं पाणी परत संपमध्ये येतं, आणि दुसरा पंप घेतल्याचा उपयोगच राहत नाही. प्रत्येकाचा पाइप टाकीपर्यंत वेगळा न्यावा, प्लगही वेगळ्या सर्किटवर. आपल्याकडे पावसाळ्यात तासन्‌तास वीज जाते. एक पंप इन्व्हर्टरवर असला की माशांना प्राणवायू मिळत राहतो, आणि फिल्टरमधल्या जिवाणूंनाही. हीटरचंही तसंच: 300 वॉटचा एक घेण्यापेक्षा 150 चे दोन. थर्मोस्टॅट चालू अवस्थेत अडकला तरी अर्धा हीटर पाणी तितकं तापवू शकत नाही.

दोन फुटी टाकीला हा सगळा पसारा मी सुचवणार नाही. शिवाय पाइपांसाठी काचेला भोकं लागतात आणि टफन्ड काचेला ती पाडता येत नाहीत, तेव्हा टाकी बनवण्याआधीच हे ठरवायला हवं. पण मोठी टाकी करणार असाल तर याहून भरवशाची आकृती माझ्या पाहण्यात नाही. मासे आणण्याआधी एका रविवारी पहिल्या पाइपाचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि दुसरा पाइप भरून वाहू लागतो का, ते बघा. मग दुसऱ्याच्या तोंडात चिंधी कोंबून तिसरा तपासा. शेवटी पंपाचा प्लग काढा आणि संप कुठवर भरतो तिथे मार्करने रेघ मारून ठेवा.