कॅमेरा स्वस्त, पडदा महाग

मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग थांबतात. आठवडाभर मागाच्या खडखडाटात उभा असलेला कामगार त्या दिवशी सिनेमा बघतो. नव्वदच्या दशकात हा सिनेमा थिएटराइतकाच गल्लीतल्या व्हिडिओ पार्लरमध्येही लागत असे. अशाच एका पार्लरचे चालक नासिर शेख यांनी 2000 साली मित्रांना जमवलं आणि साधारण 50 हजार रुपयांत ‘मालेगाव के शोले’ काढला. डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर आले, गब्बरचा रबर सिंग झाला, बसंतीची बासमती झाली. गावाने सिनेमा डोक्यावर घेतला.

ही कथा आता पुष्कळदा सांगून झाली आहे. आधी फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, मग रीमा कागती यांनी ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा मोठा चित्रपट. लोकांच्या लक्षात राहिला तो मात्र जुगाडच. बैलगाडीची क्रेन, सायकलची ट्रॉली. दोस्तांनी मिळून हौसेने केलेल्या सिनेमाबद्दल जे लिहिलं जातं, ते बहुतेक याच कौतुकापाशी थांबतं. मला त्यातली बैलगाडी फारशी महत्त्वाची वाटत नाही. नासिर यांच्याकडे कॅमेऱ्याच्या आधी पडदा होता, ही खरी गोष्ट. कुठल्या दृश्याला शिट्ट्या पडतात आणि कुठे लोक उठून बाहेर जातात, हे पार्लर चालवणाऱ्याला रोज दिसतं. सिनेमा जिथे बनला त्याच गल्ल्यांत तो लागला, आणि बघणाऱ्यांना नट ओळखीचे होते.

विडंबनाची निवडही हुशारीची होती. गंभीर सिनेमात तुटपुंजेपणा उघडा पडतो. विडंबनात तोच हशा मिळवतो. ‘मालेगाव का सुपरमॅन’मध्ये तर याच्याही पुढची मजल आहे. तिथला नायक हा किडकिडीत अंगाचा यंत्रमाग कामगार शफिक शेख, आणि गावच्या धुळीधुराने या सुपरमॅनलाच धाप लागते. ही कल्पना कोट्यवधींच्या बजेटमध्ये सुचली नसती. पण एक गोष्ट कौतुकाच्या भरात सांगायची राहून जाते: गावातल्या बायका या सिनेमात नाहीत. स्त्रीभूमिकांसाठी बाहेरगावाहून पैसे देऊन नट्या आणाव्या लागत. ‘आम्ही सगळ्या मित्रांनी मिळून’ या वाक्यातले मित्र बहुतेक वेळा पुरुषच असतात. पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या टोळक्यांतही चित्र फार वेगळं नाही. तिथे मैत्रिणीकडे वेशभूषा आणि जेवणाची सोय येते.

आधी प्रेक्षक, मग सिनेमा हा क्रम दुसऱ्या टोकाच्या, अगदी गंभीर सिनेमातही दिसतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले दिग्दर्शक जॉन अब्राहम यांनी केरळात मित्रांबरोबर ‘ओडेसा’ हा गट उभा केला. गावोगाव चार्ली चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवायचा आणि जमलेल्यांकडून वर्गणी घ्यायची. त्या पैशातून 1986 मध्ये ‘अम्मा अरियान’ झाला आणि ज्यांनी वर्गणी दिली होती, त्यांच्यापुढे नेऊन दाखवला गेला. मालेगावचा रबर सिंग आणि ‘अम्मा अरियान’मधले क्रांतिकारी तरुण यांच्यात साम्य शोधायला गेलं तर एवढंच सापडेल, पण तेवढं पुरे आहे.

मराठीत गेल्या दहा-पंधरा वर्षांत या हौशी वाटेने आलेलं काम कमी नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (2014) घ्या. लिहायला निवांतपणा मिळावा म्हणून विवेक गोंबर यांनी त्यांना दरमहा पैसे दिले, निर्मिती केली आणि त्यात वकिलाची भूमिकाही केली. मित्राने मित्राला द्यायची सगळ्यात मौल्यवान वस्तू म्हणजे वेळ, हे इतक्या नेमकेपणाने फार थोड्यांना कळलेलं आहे. ‘ख्वाडा’साठी भाऊराव कऱ्हाडे यांनी शेतजमीन विकली. ‘नफ्यासाठी नव्हे, प्रेमासाठी’ असं टाळ्या घेत म्हणणाऱ्यांनी या जमिनीचा विचार करावा. घरच्यांची शेती गेली असेल तर नफ्याची गोष्ट करणं हा काही बाजारूपणा नव्हे.

‘ख्वाडा’ला स्थळध्वनीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ही बाब मला फार बोलकी वाटते. कारण मित्रमंडळी सिनेमाचा सगळ्यात मोठा रोग आवाज आहे. चित्र आता मोबाइलवरही देखणं येतं. ड्रोनही भाड्याने मिळतो, आणि म्हणून प्रत्येक लघुपटाची सुरुवात डोंगरावरून होते. पण संवाद ऐकू येत नाहीत, वारा माइकमध्ये शिरतो, आणि ते झाकायला पियानो वाजत राहतो. दुसरा रोग संकलनाचा. फुकट राबलेल्या मित्राचं दृश्य कापायचं कसं? तो दोन दिवसांची रजा टाकून आला होता, त्याच्या घरी पंधरा माणसं जेवली होती. मग ते दृश्य राहतं आणि अठरा मिनिटांचा ऐवज बत्तीस मिनिटं चालतो. लोभापोटी वाईट सिनेमे होतात हे सर्वांना माहीत आहे. लोभाच्या मराठी अर्थाने, म्हणजे मायेपोटीही होतात.

हे सगळं निस्तरून चांगला सिनेमा झालाच, तरी तो दाखवायचा कुठे? रीळ गेलं तेव्हा वाटलं होतं की प्रिंटचा खर्च वाचला. त्याच्या जागी डिजिटल प्रक्षेपणाची पडद्यागणिक फी आली. 2015 मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटासाठी प्राइम टाइमचा एक खेळ राखून ठेवायचं ठरवलं. चर्चेअंती प्राइम टाइम म्हणजे दुपारी 12 ते रात्री 9 अशी तडजोड झाली. कामाच्या दिवशी दुपारी साडेबाराला नवख्या दिग्दर्शकाच्या सिनेमाला कोण येणार? आई-वडील आणि ज्यांनी त्यात काम केलं ते मित्र. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथाचित्रपटांसाठीचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळाला. आनंदच आहे. पण आपल्याकडच्या छोट्या सिनेमाला तालुक्यापर्यंत पोचायला अजूनही अमेरिकेतून वळसा घ्यावा लागतो.

तालुक्याला पडदा नाही असंही नाही. नगरपालिकांची नाट्यगृहं आहेत, महाविद्यालयांची सभागृहं आहेत, प्रोजेक्टरही आहेत. दर महिन्याला तिथे दोनशे माणसं हक्काने बसवण्याचं चिवट, बिनचमकीचं काम करायला मात्र कुणाला मित्र मिळत नाहीत. कॅमेऱ्यामागे उभं राहायला दहा जण येतात, तिकिटाच्या टेबलामागे बसायला एकही नाही.

राहिलं यूट्यूब. मालेगावने त्याचा बेधडक उपयोग केला. ‘छोटू दादा’चे विनोदी व्हिडिओ देशभर पाहिले जातात, त्यावर घरं चालतात, आणि याबद्दल नाक मुरडायचं कारण नाही. पण त्यातले चार ओळीने बघावेत. बुटक्या नायकाला उचलून आपटणं, फसवणं, पळवणं, पुन्हा तेच. पार्लरमध्ये कंटाळलेला माणूस उठून गेला तर नासिर यांना त्याचा चेहरा दिसत होता. इथे फक्त आकडा दिसतो, आणि आकडा मागच्याच व्हिडिओसारखा पुढचा मागतो.