पाय का दुखतात? – पाठ्यपुस्तकातल्या एका परिच्छेदाविषयी

गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या सहलीबरोबर मी सिंहगडावर गेलो होतो. आतकरवाडीकडून पायवाटेने चढलो आणि त्याच वाटेने उतरलो. दुसऱ्या दिवशी त्याच शाळेत दहावीच्या वर्गाशी माझ्या गप्पा ठरल्या होत्या. वर्गात निम्मी मुले बाकावर बसताना कण्हत होती. विज्ञानाच्या बाईंनी ती संधी साधून विचारले, "पाय का दुखतात, सांगा बरं?" एका सुरात उत्तर आले, "लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे!"

मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र उभी राहिली. म्हणाली, "बाई, मागच्या महिन्यात मी चारशे मीटर धावले तेव्हा जीव जायची वेळ आली होती. दुसऱ्या दिवशी पाय अजिबात दुखले नाहीत. काल तर आम्ही थांबत थांबत गेलो. मग काल आम्ल कसं साचलं?" बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी काहीतरी थातुरमातुर बोललो आणि विषय बदलला. खरे सांगायचे तर तेच उत्तर मीही कैक वर्षे सांगत आलो होतो.

परत आल्यावर शालेय पातळीवरची चार-सहा पुस्तके काढून बसलो. मराठी, इंग्रजी, नवी, जुनी. श्वसनाच्या प्रकरणात थोड्याफार फरकाने एकच परिच्छेद सापडतो. विश्रांतीत स्नायूंना पुरेसा ऑक्सिजन मिळतो आणि ग्लुकोजचे पूर्ण ज्वलन होते. जोराचा व्यायाम केला की ऑक्सिजन अपुरा पडतो, विनॉक्सिश्वसन सुरू होते, लॅक्टिक आम्ल साचते. त्यामुळे थकवा येतो, पायात गोळे येतात, स्नायू दुखतात. आठ-दहा ओळींत कारण, परिणाम आणि एका गुणाचा प्रश्न, सगळे बसते. माझी तक्रार या परिच्छेदाच्या संक्षेपाबद्दल नाही. शालेय पुस्तकात संक्षेप करावाच लागतो. तक्रार अशी आहे की यातले जवळजवळ प्रत्येक 'त्यामुळे' चुकीच्या जागी पडले आहे, आणि मुलांना ते स्वतःच्या पायांवरून कळू शकते.

हा परिच्छेद आला कोठून, ते पाहण्यासारखे आहे. १९०७ मध्ये केंब्रिजला फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग केले. त्याआधीची अडचण अशी होती की स्नायू नुसता कापला-हाताळला तरी त्यात आम्ल तयार होई, त्यामुळे मोजमापाला अर्थ राहत नसे. या दोघांनी स्नायू बर्फासारख्या थंड अल्कोहोलमध्ये बुडवून कुटला आणि रासायनिक क्रिया जागच्या जागी थांबवल्या. दमलेल्या स्नायूत लॅक्टिक आम्ल भरपूर सापडले. तोच स्नायू ऑक्सिजनमध्ये ठेवला की ते नाहीसे होई. प्रयोग उत्तम होता आणि निरीक्षण आजही खरे आहे. पण बेडकाचा तो स्नायू शरीराबाहेर काढलेला होता. त्याला रक्तपुरवठा नव्हता. तयार झालेले आम्ल जाणार कोठे? जिवंत माणसाच्या पायातल्या स्नायूची स्थिती तशी नसते.

पुढे इंग्लंडमधले हिल आणि जर्मनीतले मायरहोफ यांनी याच पायावर मोठी इमारत उभी केली. लॅक्टिक आम्ल हेच स्नायूच्या आकुंचनाचे मूळ कारण, असे त्या वेळी मानले जाई. १९२२ चे नोबेल पारितोषिक दोघांत विभागून दिले गेले. व्यायामानंतरही माणूस बराच वेळ धापा टाकतो, याला हिलने 'ऑक्सिजनचे कर्ज' म्हटले. आम्ल साचले ते कर्ज, नंतर ते जाळले ती फेड. उपमा इतकी सोयीची की ती शंभर वर्षे टिकली. वास्तविक ती धाप काही नुसती लॅक्टिक आम्ल जाळण्यासाठी नसते. शरीराचे वाढलेले तापमान, हृदयाची वाढलेली गती, रिकामे झालेले साठे भरणे, असे अनेक हिशेब त्यात असतात.

हिलच्या सिद्धांताला धक्का बसला तो १९३० मध्ये. डेन्मार्कच्या लुंड्सगार्डने स्नायूंना आयोडोअ‍ॅसेटिक आम्लाचे विष दिले. या विषाने ग्लुकोजच्या विघटनाची वाट मध्येच अडते आणि लॅक्टिक आम्ल तयारच होत नाही. तरीही स्नायू काही काळ व्यवस्थित आकुंचन पावत राहिले! मग ऊर्जा आली कोठून? स्नायूतल्या फॉस्फोक्रिएटिन नावाच्या पदार्थातून. हा पदार्थ १९२७ मध्ये लंडनला एगल्टन दांपत्याने आणि हार्वर्डला फिस्क व सुब्बाराव यांनी शोधला होता. हे सुब्बाराव म्हणजे आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. दोन वर्षांनी ए.टी.पी.ही सापडला, जर्मनीत लोहमानला आणि स्वतंत्रपणे याच फिस्क-सुब्बाराव जोडीला. मी चाळलेल्या एकाही पुस्तकात या प्रकरणात त्यांचे नाव नव्हते. हिलने मात्र आपला सिद्धांत कोसळल्याचे मोकळेपणाने मान्य केले आणि १९३२ मध्ये त्यावर लेख लिहिला. शीर्षकातच त्याने 'क्रांती' हा शब्द वापरला. ज्याचा सिद्धांत होता त्याने तो सोडला, पण पुस्तकांनी त्याचे उरलेसुरले तुकडे जपून ठेवले.

आता आजच्या माहितीनुसार हे चित्र कसे दिसते?

स्नायूला थेट वापरता येते ती ऊर्जा ए.टी.पी.चीच. पण त्याचा साठा नगण्य असतो. पूर्ण जोराने धावताना दोन-तीन सेकंद पुरेल एवढाच. एक हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्यावा. दिवसाला २४०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे १०,००० किलोज्यूल. त्यातले ४० टक्के ए.टी.पी.च्या रूपाने हाती लागतात असे धरले तर ४००० किलोज्यूल. पेशीतल्या परिस्थितीत एक मोल ए.टी.पी.पासून सुमारे ५० किलोज्यूल मिळतात, म्हणजे ८० मोल लागले. एका मोलचे वजन ५०७ ग्रॅम. गुणाकार केला की चाळीस किलो! आणि कोणत्याही क्षणी शरीरात असतो तो फार तर पाव किलो. म्हणजे तेच रेणू दिवसात शेकडो वेळा मोडतात आणि पुन्हा घडतात. ए.टी.पी. ही कोठारातली ज्वारी नव्हे, हातोहात फिरणारे सुटे पैसे आहेत.

ते पुन्हा घडवण्याच्या वाटा तीन. फॉस्फोक्रिएटिन, ग्लुकोज-ग्लायकोजेनचे ऑक्सिजनविना विघटन, आणि तंतुकणिकांतले ऑक्सिश्वसन. काही पुस्तकांत यांचा आलेख असतो. एक टेकडी संपली की दुसरी सुरू, दुसरी संपली की तिसरी. हा आलेख फसवा आहे. तिन्ही वाटा पहिल्या पावलापासून एकदमच चालू असतात, बदलतो तो प्रत्येकीचा वाटा. तीस सेकंदांच्या जीव तोडून केलेल्या धावेतही पाव हिस्सा किंवा त्याहून थोडी अधिक ऊर्जा ऑक्सिजनच्या वाटेने आलेली असते. सुमारे सव्वा मिनिटाच्या जोरदार धावेत ऑक्सिजनचा आणि बिनऑक्सिजनचा हिस्सा जवळपास सारखा होतो. 'ऑक्सिजन संपला म्हणून दुसरे यंत्र सुरू झाले' असे कोणत्याच क्षणी घडत नाही.

लॅक्टिक आम्लाचेही तेच. मुळात शरीरातल्या सामूत ते आम्ल म्हणून राहतच नाही. हजारात जेमतेम एखादा रेणू आम्लरूपात असतो, बाकीचे लॅक्टेट. आणि हे लॅक्टेट तुम्ही हा लेख वाचत बसला असतानाही तयार होते आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या रक्तात लिटरमागे सुमारे एक मिलिमोल असतेच. ग्लुकोजच्या विघटनासाठी एन.ए.डी. नावाचा मदतनीस रेणू सतत मोकळा व्हावा लागतो, आणि पायरुव्हेटचे लॅक्टेट होताना तो मोकळा होतो. विघटनाचा वेग वाढला की लॅक्टेट वाढते, ऑक्सिजन हजर असला तरी. १९६८ मध्ये जॉब्सिस आणि स्टेन्सबी यांनी कुत्र्यांच्या स्नायूंत दाखवले की लॅक्टेट तयार होत असतानाही तंतुकणिकांना ऑक्सिजनची वाण नव्हती. पुढे १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज ब्रूक्स यांनी मांडले की एका स्नायूतंतूत तयार झालेले लॅक्टेट शेजारचे तंतू आणि हृदय इंधन म्हणून वापरतात. यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज करते, हे तर कोरी दांपत्याने १९२९ मध्येच सांगितले होते. पुस्तकातला 'टाकाऊ पदार्थ' म्हणजे हृदयाचे खाद्य आहे.

पण मग थकवा? इथे मी सावध राहीन. आम्लतेचा थकव्याशी काहीच संबंध नाही, असे म्हणणे म्हणजे उलट बाजूची चूक. जुने प्रयोग बेडकासारख्या प्राण्यांच्या स्नायूंवर किंवा थंड तापमानात झाले होते. शरीराच्या तापमानाजवळ पाहिले तेव्हा आम्लतेचा परिणाम पुष्कळ कमी दिसला, पण फॉस्फेटबरोबर तो जाणवतो असेही काही प्रयोग सांगतात. फॉस्फोक्रिएटिन मोडून साचणारे फॉस्फेट, पेशीबाहेर येणारे पोटॅशियम, कॅल्शियमची कमी पडणारी सोडवणूक, ग्लायकोजेन संपणे, मेंदूकडून येणारा आवर, असे बरेच संशयित आहेत. २००१ मध्ये डेन्मार्कच्या आर्हुसमधल्या गटाने तर उंदरांच्या स्नायूंत लॅक्टिक आम्लामुळे पोटॅशियमने गेलेली ताकद परत आल्याचे दाखवले. 'थकवा अनेक कारणांनी येतो आणि त्यावर संशोधन चालू आहे' हे वाक्य पुस्तकात लिहायला काय हरकत आहे?

पायात येणाऱ्या गोळ्यांचा निकाल मात्र सत्तर वर्षांपूर्वीच लागायला हवा होता. १९५१ मध्ये लंडनच्या ब्रायन मॅकआर्डल या डॉक्टरांनी एका तरुणाचे वर्णन केले. जरासे श्रम झाले की त्याचे स्नायू दुखत, ताठत. हाताचा व्यायाम करवून रक्त तपासले, तर लॅक्टेट वाढलेलेच नव्हते! स्नायूतले ग्लायकोजेन मोडणारे विकर अशा रोग्यांत नसते, हे १९५९ मध्ये कळले. म्हणजे ज्यांचे स्नायू लॅक्टेट जवळजवळ करूच शकत नाहीत, तीच माणसे लवकर थकतात आणि त्यांचेच स्नायू आखडतात. पुस्तकातला परिच्छेद खरा असता तर ही माणसे न थकणारी निघायला हवी होती.

राहिला मागच्या बाकावरचा प्रश्न. चारशे मीटर धावल्यावर रक्तातले लॅक्टेट पंधरा-वीसपट चढते, पण तासा-दीड तासात ते बहुतांशी निवळते. दुखणे शिगेला पोहोचते ते एक-दोन दिवसांनी. इतका वेळ गुन्हेगार जागेवरच नसतो. १९०२ मध्येच थिओडोर हफ यांनी म्हटले होते की हे दुखणे स्नायूतल्या सूक्ष्म फाटाफुटीचे असावे. १९८३ मध्ये अमेरिकेत काही जणांना उतारावर आणि काहींना सपाटीवर धावायला लावले. सपाटीवर लॅक्टेट वाढले, दुखले नाही. उतारावर लॅक्टेट वाढले नाही, दुखले. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावून वजन तोलून धरतो, आणि अशा कामात स्नायूतंतूंना इजा होते. त्यानंतरच्या दुरुस्तीबरोबर दुखणे येते. सिंहगड चढताना मुलांना धाप लागली, पण दुसऱ्या दिवशीचे दुखणे त्यांनी उतरताना कमावले होते.

हे वर्गात करून पाहता येते. गुडघाभर उंचीचे पक्के बाकडे किंवा पायरी घ्यावी. उजव्या पायाने चढायचे, डावा वर आणायचा, आणि उतरतानाही उजवाच पाय आधी खाली टाकायचा. म्हणजे वर उचलण्याचे काम नेहमी उजव्याचे, हळूहळू खाली सोडण्याचे डाव्याचे. दहा मिनिटे पुरेत. गुडघ्याचे दुखणे असलेल्यांना वगळावे आणि चढाओढ लावू नये. उचलणाऱ्या पायाला ऊर्जा जास्त लागते, म्हणून लॅक्टेट झालेच तर तिथे जास्त. रक्त दोन्ही पायांना एकच. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी कोणता पाय दुखेल, हे प्रयोगाआधीच प्रत्येकाला वहीत लिहायला सांगावे, आणि पुस्तकातला परिच्छेद वाचून कोणता पाय लिहाल, तेही शेजारी.