आदल्या रात्री भिजत घालावी

बँकेतल्या कारकुनाने स्वयंपाकाच्या पुस्तकाचे परीक्षण करावे हा आगाऊपणा आहे, हे मला मान्य आहे. पण गेले सात महिने मी 'रुचिरा' रोज रात्री साडेआठला, पोटात कावळे कोकलत असताना वाचतो आहे. एवढ्या तळमळीने पुस्तक वाचणारा समीक्षक दुसरा कोणी असेल असे वाटत नाही.

झाले असे, की माझी साताऱ्याहून सांगलीला बदली झाली. हिची नोकरी साताऱ्यात, मुलांच्या शाळा साताऱ्यात. सांगलीच्या वाट्याला मी एकटा आलो. निघताना हिने बॅगेच्या तळाशी 'रुचिरा' ठेवली. लग्नात तिच्या मावशीने दिलेली.

"असू दे. सासरीच चाललीय ती," ही म्हणाली.

खरेच होते. कमलाबाई ओगले यांचे माहेर कुंडल, किर्लोस्करवाडीशेजारचे. जन्म १९१३ चा, शाळा चौथीपर्यंत. सासर सांगलीचे, तिथे त्या सासूबाईंच्या हाताखाली शिकल्या, आणि १९७० साली 'रुचिरा' आली.

या पुस्तकाचा थोर गुण म्हणजे वाटी आणि चमचा. आमच्या आईला विचारावे, मीठ किती? "अंदाजाने." हळद? "चिमूटभर." पाणी? "मावेल तेवढं." असल्या व्हाउचरवर कुठलाही ऑडिटर सही करणार नाही. कमलाबाईंनी हा अंदाज वाटी-चमच्यात मांडून दिला. वाटी लहान असो की मोठी, शेवटपर्यंत तीच ठेवली की प्रमाण ढळत नाही. ज्यांच्या शेजारी आई किंवा सासू उभी नाही, त्यांच्यासाठी हे केवढे उपकार! बी. कॉम.ला गुणोत्तर शिकलो होतो, पण ते पोटात गेले ते सांगलीला.

आता दोष. तो एकट्या या पुस्तकाचा नाही. मराठी पाककृतीच्या व्याकरणाचाच आहे. कुठलीही कृती घ्या. मटकी आदल्या रात्री भिजत घालावी. कांदा बारीक चिरावा. खोबरे किसून घ्यावे. वाक्यात कर्म आहे, क्रियापद आहे, कर्ता बेपत्ता! कोणी घालावी? आदल्या रात्री मी हिशेब जुळत नाही म्हणून शाखेत बसलो होतो. साहित्यात मोहरीच्या दाण्यापर्यंत मोजदाद, पण माणूस एकसुद्धा नाही. कच्चा माल दाखवला आणि मजुरी लिहिलीच नाही! आमच्या कॉस्टिंगच्या सरांनी असली वही तोंडावर फेकली असती.

हा कर्ता मला पिठल्याच्या रात्री सापडला. पिठल्यात सुपारीएवढ्या गुठळ्या झाल्या, म्हणून घाबरून घरी फोन लावला.

"अहो, पीठ आधी गार पाण्यात कालवायचं," ही म्हणाली. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"तू ऑफिसातून कधी आलीस?"

"आत्ताच. साडेसातला."

"मग कुकर कोणी लावला?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग हसू. "कोण लावणार?"

फोन ठेवला आणि गुठळ्या चमच्याने फोडत बसलो. पंधरा वर्षे आम्ही दोघेही याच सुमारास घरी येत होतो. मी हातपाय धुऊन पाटावर बसायचो आणि समीक्षा करायचो. "आमटी आज जरा पाणचट." "भात थोडा कच्चट राहिलाय का?" साताऱ्यात माझे हे सदर रोज चालू होते, रविवारीसुद्धा! आमटी केली कोणी, कधी, काय करून आल्यावर, हा प्रश्न एकाही परीक्षणात आलेला नाही.

म्हणून ठरवले, की चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते, त्या रात्रीचा स्वयंपाक माझा. गेल्या शनिवारी साताऱ्यात मटकीची उसळ केली. वाटी तीच ठेवली. मुलांनी बोटे चाटली. धाकटी म्हणाली, "बाबांची उसळ आईपेक्षा भारी." मीही नको-नको म्हणत कौतुक ऐकून घेतले.

मोड आलेली मटकी मात्र एका रात्रीचे काम नव्हे. गुरुवारी रात्री भिजत घालावी, शुक्रवारी सकाळी फडक्यात बांधावी. या दोन्ही गोष्टींची आठवण मी सांगलीहून फोन करून न चुकता दिली होती.

हिने शांतपणे दुसऱ्यांदा उसळ वाढून घेतली.

"छान झालीय हो," ती म्हणाली. "केली कोणी, तेवढं सांगा."