यादीतील कुटुंब व यादीबाहेरचे दारिद्र्य : केरळच्या अतिदारिद्र्य निर्मूलन प्रकल्पाची चिकित्सा

भारतात दारिद्र्याचे मापन ही दीर्घकाळ टक्केवारीची बाब राहिली आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये उष्मांकांच्या आधारे दारिद्र्याचा अंदाज मांडला. तेंडुलकर समितीने २००९ मध्ये पद्धत बदलली. परंतु अशा अंदाजांतून राज्यात गरीब किती हे कळते, ते कोण हे कळत नाही. २००२ च्या दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांच्या गणनेत तेरा निकषांवर प्रत्येक ग्रामीण कुटुंबास गुण देण्यात आले खरे, पण यादीची लांबी नियोजन आयोगाच्या अंदाजाने आधीच बांधलेली होती. उत्तर ठरवून मग गणित मांडण्याचाच हा प्रकार होय.

केरळने निराळी वाट धरली. १९९८ मध्ये सुरू झालेल्या कुटुंबश्रीत कच्चे घर, शौचालयाचा अभाव, दोन वेळच्या जेवणाची भ्रांत अशा नऊ लक्षणांवरून शेजारच्या स्त्रियाच गरीब कुटुंब ओळखत. त्याच परंपरेतून २०२१ मध्ये अतिदारिद्र्य निर्मूलन प्रकल्प हाती घेण्यात आला. अन्न, आरोग्य, उत्पन्न व निवारा या निकषांवर ६४,००६ कुटुंबे निश्चित झाली, प्रत्येकासाठी स्वतंत्र सूक्ष्म आराखडा तयार झाला आणि १ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्य अतिदारिद्र्यमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. प्रत्येक गरिबाला नाव व पत्ता देणारी ही पद्धत सरासरीच्या राजकारणापेक्षा निःसंशय श्रेष्ठ आहे.

मात्र आकड्यांकडे बारकाईने पाहिले असता वेगळेच चित्र दिसते. या ६४,००६ कुटुंबांतील व्यक्तींची संख्या १,०३,०९९ होती; म्हणजे सरासरी एका कुटुंबात जेमतेम १.६ माणसे. याचा अर्थ, यादीत बहुतांशी एकाकी माणसे होती आणि ‘कुटुंब’ हा शब्द केवळ गणनेच्या सोयीसाठी वापरला गेला. त्यांचे दारिद्र्य हे कुटुंबाचे दारिद्र्य नसून कुटुंबच नसण्याचे दारिद्र्य होते. घोषणेच्या वेळी यादी ५९,२७७ वर आली होती. वगळलेल्यांमध्ये ४,४२१ एकसदस्यीय कुटुंबे मृत्यूमुळे, २६१ भटकी कुटुंबे ठावठिकाणा न लागल्यामुळे, तर ४७ नोंदी दुबार असल्यामुळे कमी झाल्या. मृत्यू व दुबार नोंद एकाच वजाबाकीत यावी, हे प्रशासकीय दृष्ट्या निर्दोष असले तरी मापनशास्त्राला शोभणारे नाही. निराधार वृद्धाला दररोज शिजवलेले अन्न पोहोचवणे ही काळजी आहे, ‘मुक्ती’ नव्हे. पुरवठा थांबताच तो पूर्वस्थितीत जातो.

याउलट पाच माणसांचे, मोलमजुरीवर कसेबसे उभे असलेले कुटुंब या चाळणीतून सहज निसटते. राज्यात अंत्योदय शिधापत्रिकाधारक कुटुंबे ५ लाखांहून अधिक असताना अतिदरिद्री केवळ ६४ हजार कसे, हा अर्थतज्ज्ञांचा प्रश्न तेथूनच उद्भवला. दोन्ही वर्ग भिन्न आहेत, हा शासनाचा खुलासा तांत्रिक दृष्ट्या ग्राह्य धरता येतो. पण मग घोषणेतील शब्द ‘निराधारता’ हा हवा होता, ‘दारिद्र्य’ नव्हे.

शिवाय वैद्यकीय खर्चाचा मोठा भार कुटुंबांनाच सोसावा लागणाऱ्या या राज्यात एका दीर्घ आजारानेही नवे कुटुंब त्या पातळीवर घसरू शकते. चार वर्षांपूर्वी निश्चित केलेल्या यादीत त्याचे नाव असण्याचे कारणच नाही.