शिखर आणि उंबरठा : सार्वजनिक वास्तूंच्या प्रतीकात्मतेची चिकित्सा

प्रस्तावना

वास्तुकला ही सर्व कलांमध्ये सर्वाधिक सार्वजनिक कला होय. कविता वाचावी की न वाचावी, चित्र पाहावे की न पाहावे, याचे स्वातंत्र्य रसिकाला असते. इमारतीच्या बाबतीत ते नसते. न्यायालय, रेल्वेस्थानक, विधिमंडळ वा तहसील कार्यालय यांच्या समोरून नागरिकाला जावेच लागते आणि कामानिमित्त आतही शिरावे लागते. त्यामुळे या वास्तू काय सांगतात, हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा राहत नाही. तो राज्य आणि नागरिक यांच्यातील नात्याचा प्रश्न ठरतो.

सार्वजनिक वास्तूंवरील चर्चा मात्र बहुधा त्यांच्या माथ्यापाशीच थांबते. २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले, तेव्हा १९२७ मधील वर्तुळाकार इमारत श्रेष्ठ की नवी त्रिकोणी इमारत श्रेष्ठ, माथ्यावरील सिंहांच्या मुद्रेवरचा भाव शांत की उग्र, यांवर पुष्कळ वाद झाले. दूर खेड्यातून आलेल्या माणसाला लोकशाहीचे हे घर कितपत आपले वाटेल, हा प्रश्न त्या मानाने मागे राहिला. शिखर म्हणजे बांधणाऱ्याने सांगितलेला अर्थ आणि उंबरठा म्हणजे येणाऱ्याला मिळणारी वागणूक, असा भेद केल्यास सार्वजनिक वास्तूचे खरे प्रतीक शिखरावर नसून उंबरठ्यावर असते, असे म्हणावे लागते. हेच प्रतिपादन प्रस्तुत लेखात काही निवडक वास्तूंच्या आधारे तपासले आहे.

गढी आणि चावडी

मराठवाड्यातील खेड्याला हा भेद नवा नाही. गावात गढी असे आणि चावडीही असे. उंच बुरूज, जाड भिंती आणि एकच भक्कम दरवाजा ही गढीची भाषा. दर्शनी बाजूने मोकळी आणि गावाच्या मध्यावर असलेली चावडी ही निराळी भाषा बोलत असे. गढी दुरूनच धाक घाली. चावडीपुढे येऊन गाऱ्हाणे मांडता येई. अर्थात, चावडीची ही मोकळीक सर्वांना सारखी नव्हती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला चावडीसमोर खाली, अंतरावर उभे राहावे लागे. वास्तू मोकळी असूनही उंबरठा बंद असू शकतो, ही गोष्ट पुढील विवेचनात विसरता येणार नाही.

वसाहतकालीन मुंबई : साम्राज्याचे शिखर, प्रवाशांचा उंबरठा

एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ ते १८८८ या काळात उभे राहिलेले व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हे साम्राज्याच्या प्रतीकयोजनेचे ठळक उदाहरण होय. घुमटावर हातात मशाल घेतलेली प्रगतीची मूर्ती आहे. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे ब्रिटनचा सिंह आणि दुसरीकडे भारताचा वाघ आहे. दर्शनी भिंतीवर रेल्वेशी संबंधित मान्यवरांच्या मुखाकृती असून त्यांत जगन्नाथ शंकरशेट यांचीही मुखाकृती आहे. प्रगती साम्राज्याने आणली आणि एतद्देशीयांनी तिला हातभार लावला, असा या योजनेचा आशय सांगता येईल.

तथापि, एवढ्यावर निर्णय दिल्यास तो एकांगी ठरेल. भव्य घुमट आहे तो रेल्वे कंपनीच्या कचेऱ्यांवर. परंतु सामान्य प्रवासी जेथे तिकीट काढतो, त्या दालनावरही कारागिरांनी हात आखडता घेतलेला नाही. कमानी, कोरीव खांब आणि चकाकीदार दगड यांनी सजलेल्या त्या दालनात गिरणी कामगार आणि कारकून यांना रोज काही क्षण उभे राहता आले. या वास्तूचे नाव १९९६ मध्ये बदलले, २०१७ मध्ये त्यात भर पडली आणि २००४ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. राणीचे नाव गेले तरी वास्तू परकी झाली नाही, याचे एक कारण तिच्या वापरात आहे. लाखो पावलांनी ती आपली करून घेतली.

मुंबई उच्च न्यायालयाची १८७८ मधील इमारत याच काळातील. तिच्या माथ्यावर न्याय आणि दया यांच्या मूर्ती आहेत. आत मात्र एका खांबाच्या माथ्यावर एका डोळ्यावर पट्टी बांधलेले, हाती तराजू धरलेले माकड कोरलेले आढळते. शिखरावरील विधानाला खालच्या कारागिराने दिलेला हा उपरोधिक पाठभेदच म्हटला पाहिजे. जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याचे गेटवे ऑफ इंडिया हे स्मारक राजाच्या १९११ मधील आगमनाच्या स्मरणार्थ योजिले गेले आणि १९२४ मध्ये पूर्ण झाले. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी त्याच कमानीतून परत गेली. बांधणाऱ्याने दिलेला अर्थ कायम टिकत नाही, इतिहास तो उलटवू शकतो, हे यावरून दिसते.

हैदराबाद : दगडातील समन्वय आणि वर्गातील भाषा

मराठवाड्यातील पिढ्यांचा संबंध मात्र मुंबईपेक्षा हैदराबादशी अधिक होता. उस्मानिया विद्यापीठाच्या कला महाविद्यालयाची इमारत १९३९ मध्ये सुरू झाली. तिच्या रचनेत अजिंठा-वेरूळच्या धर्तीचे खांब आणि इस्लामी वास्तुशैलीच्या कमानी एकत्र आणलेल्या आहेत. दख्खनच्या संमिश्र संस्कृतीचे इतके सुंदर शिल्परूप क्वचितच आढळते.

परंतु ही इमारत उभी राहत असतानाच, १९३८ च्या अखेरीस, त्याच विद्यापीठात ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांवर कारवाई झाली. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाचा आश्रय घ्यावा लागला. विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. एका भारतीय भाषेला उच्च शिक्षणाचे माध्यम करणे हा धाडसी प्रयोग होता, हे मान्य करावेच लागेल. मात्र संस्थानातील बहुसंख्य प्रजेच्या मराठी, तेलुगू आणि कन्नड या भाषांना त्या वर्गांत ते स्थान नव्हते. खांबांना जे मिळाले ते त्यांच्या सावलीत शिकणाऱ्यांच्या भाषांना मिळाले नाही. वास्तूतील समन्वय आणि व्यवहारातील समन्वय यांत केवढे अंतर असू शकते, याचा याहून बोलका दाखला दक्षिणेत शोधावा लागेल.

स्वातंत्र्योत्तर काळ : देवालय की लोकालय?

स्वराज्यात ही विसंगती संपेल, अशी अपेक्षा होती. केंगल हनुमंतय्या यांच्या पुढाकाराने बंगळुरूचे विधानसौध १९५६ मध्ये पूर्ण झाले. परकीय शैलीला उत्तर म्हणून द्राविड मंदिरशैलीचा येथे जाणीवपूर्वक स्वीकार केला गेला. शासनाचे कार्य हे ईश्वराचे कार्य, अशा आशयाचे वचन दर्शनी भागी कोरले आहे. कर्तव्यनिष्ठेचा संदेश म्हणून ते आदरणीय आहे. पण त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कार्यालय देवालय झाले की अधिकारी पुजारी होतो आणि हक्क मागावयास आलेला नागरिक प्रसादाची वाट पाहणारा भक्त ठरतो. भव्य पायऱ्यांची रचना या भावनेला पोषकच आहे.

बेळगाव येथील सुवर्ण विधानसौध हे तर शिखरप्रधान वास्तूचे टोकाचे उदाहरण होय. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असताना, ज्या शहरावर महाराष्ट्र हक्क सांगतो त्याच शहरालगत ही वास्तू उभी राहिली. तिचा श्रोता बेळगावचा नागरिक नसून शेजारचे राज्य आहे. अधिवेशनाचे दिवस मोजके आणि इमारत अवाढव्य, हा विरोध त्यातूनच येतो. कन्नड वा मराठी, कोणत्याही भाषेत बोलणाऱ्या शेतकऱ्याला अशा वास्तूत रोजचे काय काम, हा प्रश्न भाषिक अभिमानाच्या पलीकडचा आहे. १९५३ च्या नागपूर करारातून आलेल्या नागपूर अधिवेशनाविषयी महाराष्ट्रालाही हाच प्रश्न विचारता येईल.

दीक्षाभूमी : पोकळ स्तूपाचा अर्थ

याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्या भूमीवर वास्तुविशारद शिवदान मल यांच्या आराखड्याचा स्तूप उभा राहिला आणि डिसेंबर २००१ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. बाह्याकृती सांचीची आठवण करून देते; परंतु एक भेद मूलभूत आहे. सांचीचा स्तूप भरीव आहे. भक्ताने बाहेरून प्रदक्षिणा घालावयाची, आत जाता येत नाही. दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ असून चारी दिशांना दारे आहेत. ज्या समाजाला शतकानुशतके देवळाबाहेर आणि चावडीखाली उभे केले गेले, त्याच्या वास्तूत गाभाराच सर्वांसाठी मोकळा व्हावा, हा बदल केवळ बांधकामाचा नव्हे. येथे शिखर आणि उंबरठा एकच गोष्ट सांगतात. जुलै २०२४ मध्ये परिसरातील भूमिगत वाहनतळाच्या कामाला लोकांनी तीव्र विरोध केला आणि शासनाला ते काम थांबवावे लागले. वास्तू लोकांची झाली की तिची राखणही लोक स्वतःहून करतात.

तालुक्याची इमारत

मुरुमच्या माणसाचा राज्याशी प्रत्यक्ष संबंध मुंबई-दिल्लीत येत नाही. तो येतो नगर परिषदेत, शासकीय रुग्णालयात आणि उमरग्याच्या तहसील कार्यालयात. त्याच्या दृष्टीने हीच राष्ट्रीय स्मारके होत. गेल्या काही दशकांत राज्यभर तालुकोतालुकी प्रशासकीय इमारती उभ्या राहिल्या. त्यांचे दर्शनी रूप बहुधा ठरावीक असते: उंच जोते, रुंद जिना, मोठे खांब. पण अशा इमारतींच्या बाहेर, लिंबाच्या झाडाखाली वा पत्र्याच्या आडोशाला, मुद्रांक विक्रेता, अर्ज लिहून देणारा आणि झेरॉक्सवाला बसलेले दिसतात. सामान्य माणसाचे अर्धे काम तेथेच होते. आराखड्यात या माणसांना व त्यांच्याकडे येणाऱ्यांना जागाच धरलेली नसते, याचा तो उघड पुरावा होय.

मजुरी बुडवून आलेल्या शेतमजुराला सावलीत बसावयास बाक आहे काय? स्त्रियांसाठी वापरण्याजोगे स्वच्छतागृह आहे काय? दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ नुसार अपेक्षित असलेला उतार खरोखर चाकाची खुर्ची नेण्याजोगा आहे काय? कोणता अर्ज कोणत्या खिडकीवर, हे सोप्या मराठीत लिहिले आहे काय? या प्रश्नांची उत्तरे हीच त्या इमारतीची प्रतीकयोजना होय. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने उमरगा परिसराला आणखी एक धडा दिला आहे. भिंत सुंदर आहे की नाही, याच्या आधी ती माणसाच्या अंगावर कोसळणार नाही, हे पाहिले पाहिजे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. वास्तूवरील मूर्ती, मुद्रा आणि शैली हे बांधणाऱ्याचे निवेदन असते. ते अंतिम सत्य नव्हे.

२. परकी वास्तू वापरातून आपली होऊ शकते आणि स्वकीयांनी बांधलेली वास्तू वापराअभावी परकी राहू शकते.

३. प्रवेश, प्रतीक्षा आणि संवाद यांसाठी केलेली जागा ही लोकशाही वास्तूची पहिली कसोटी होय.

ग्रामीण महाविद्यालयांना या विषयात मोलाचे काम करता येण्यासारखे आहे. समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास आणि मराठी या विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या साहाय्याने आपल्या तालुक्यातील सार्वजनिक इमारतींची वरील प्रश्नांच्या आधारे पाहणी करावी आणि तिचा अहवाल संबंधित कार्यालयास सादर करावा. अशी पाहणी करताना महाविद्यालयाची स्वतःची इमारतही वगळू नये. पहिल्या पिढीतील विद्यार्थी प्रवेश घेण्यासाठी ज्या खिडकीसमोर उभा राहतो, ती खिडकी त्याच्याशी कशी बोलते, हे प्राध्यापकांनी आधी पाहणे उचित ठरेल.