कालरेषेवरील साल आणि त्याचा आधार : खजराना परिसराच्या निमित्ताने

माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसाराबरोबर इतिहास शिकविण्याची साधनेही बदलली आहेत. भिंतीवरील सनावळीच्या तक्त्याची जागा आता संकेतस्थळावरील बहुमाध्यमी कालरेषेने घेतली आहे. सालावर बोट ठेवले की छायाचित्र, ध्वनिफीत, नकाशा उलगडतो. विद्यार्थी रमतात, यात शंका नाही. परंतु हे साधन दिसते कसे याचीच चर्चा अधिक होते. ते खरे किती सांगते, हा प्रश्न मागे राहतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नाइट लॅबने तयार केलेले ‘टाइमलाइन जेएस’ हे यातील बहुपरिचित मोफत साधन होय. गूगल शीटच्या तक्त्यात साल, शीर्षक, मजकूर, चित्राचा दुवा आणि श्रेय असे रकाने भरले की कालरेषा तयार होते. संगणकाची भाषा येण्याची गरज नाही. वीसपेक्षा अधिक घटना घेऊ नयेत, हा निर्मात्यांचा सल्लाही उपयुक्त आहे. निवड करावी लागली की विद्यार्थ्याला विचार करावा लागतो. मात्र या साधनाची एक अट आहे : सालाच्या रकान्यात आकडा हवा. आकडा नसलेली घटना रेषेवर येत नाही.

ही अट किती महागात पडते, हे आमच्या खजराना परिसराची कालरेषा करताना कळले. येथील प्रसिद्ध गणेश मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1735 साली बांधले, असे अनेक संकेतस्थळांवर लिहिलेले आढळते. विद्यार्थ्यांनी ते उतरवून घेतले. त्याच रेषेवर अहिल्याबाईंचा जन्म 1725, चौंडी, असेही नोंदविले. दोन्ही नोंदी शेजारी येताच एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मग त्या तेव्हा दहा वर्षांच्या होत्या का?” प्रश्न बिनतोड होता. त्या वेळी कारभार मल्हाररावांच्या हाती होता. अहिल्याबाईंनी राज्याची सूत्रे हाती घेतली 1767 मध्ये आणि 1795 पर्यंत ती सांभाळली. अर्थात, बांधकामाचे श्रेय खरे धरले तर साल टिकत नाही आणि साल खरे धरले तर श्रेय. शेकडो वाचकांच्या नजरेतून सुटलेली विसंगती कालरेषेने क्षणात उघडी केली, हा या साधनाचा मोठा गुण मानावा लागेल.

दोषही याच उदाहरणात आहे. याच वस्तीत हजरत नाहरशाह वली यांचा दर्गा आहे. लोकांच्या मनात त्याचा काळ उर्स, नवस आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी यांतून चालत आला आहे. आठवणीला आकडा नसतो. परिणामी डळमळीत साल असलेले मंदिर रेषेवर दिमाखात येते आणि साल न लिहिलेला दर्गा रेषेबाहेर राहतो. पाहणाऱ्याला वाटते, येथे दुसरे काही नव्हतेच. मग जागा भरण्यासाठी कोणी अंदाजाने साल टाकले, तर उद्या तोच ‘पुरावा’ होतो. मंदिर आणि दर्गा दोन्ही आपले मानणाऱ्या वस्तीत अशा आकड्यावरून वाद पेटू शकतो, हे शिक्षकाने विसरू नये.

कालगणनेचा प्रश्नही आहेच. हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचे, त्यामुळे ते बहुधा दोन इसवी सालांत विभागले जाते. मराठेशाहीच्या मोडी कागदांतील शुहूर सनाचेही तसेच. ‘सलासीन मया व अलफ’ म्हणजे 1130. त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत 599 आणि पुढील मृगापर्यंत 600 मिळवावे लागतात, म्हणजे इसवी सन 1729-30. मराठी कागदातील हे अरबी शब्द उर्दूचा विद्यार्थी सहज वाचतो. येथे दोन्ही भाषांचे शिक्षक एकमेकांच्या उपयोगी पडतात.

अनिश्चितता दाखविण्याची युक्ती नवी नाही. जोसेफ प्रीस्टली यांनी 1765 मध्ये सुमारे दोन हजार व्यक्तींचा आयुष्यपट कागदावर मांडला. खात्रीच्या काळासाठी त्यांनी सलग रेघ वापरली, संशयित काळासाठी ठिपके. नव्या साधनात ठिपके नाहीत, पण वाट आहे. आरंभ आणि अखेर अशी दोन साले देता येतात. दिसणारी तारीख शब्दांत लिहिण्यासाठी वेगळा रकानाही आहे. मंदिरासाठी 1767 ते 1795 हा पट्टा घेऊन ‘परंपरेनुसार अहिल्याबाईंची कारकीर्द’ असे लिहिता येते. दर्ग्यासाठी आठवण सांगणाऱ्या वृद्धाची ध्वनिफीत त्यांच्या संमतीने, ध्वनिमुद्रणाच्या सालाखाली ठेवता येते. ते साल तरी निःसंशय खरे असते.

म्हणून प्रत्येक नोंदीच्या मजकुरात शेवटी एक ओळ सक्तीची असावी : आधार काय? शिलालेख, कागद, छापील ग्रंथ की ऐकीव माहिती? गुण चित्रांना न देता या ओळीला द्यावेत. तसे झाले तर कालरेषा केवळ शोभेची वस्तू न राहता अभ्यासाचे साधन ठरेल, असे म्हणणे वावगे ठरू नये.