पूर्वेकडची खिडकी

टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये प्रेमकथा शोधणारा वाचक बहुधा आरागॉर्न आणि आर्वेनपाशी थांबतो. मला मात्र १९५५ साली आलेल्या तिसऱ्या खंडातलं, गॉन्डोरच्या राजधानीतलं म्हणजे मिनास तिरिथचं शुश्रूषागृह पुन्हा पुन्हा बोलावतं. पुरुषवेषात रणांगणावर उतरून शत्रूच्या नाझगुलांच्या अधिपतीला संपवणारी रोहानची एओविन तिथे मोडलेला हात घेऊन गॉन्डोरच्या जखमी सरदारापुढे, फारामिरपुढे, उभी आहे. तिला युद्धात परतायचं आहे, मरण हवं आहे. आणि ते मिळत नाही असं दिसताच तिचा ताठ स्वर किंचित कापतो, नि ती एवढीच तक्रार करते, की माझ्या खोलीची खिडकी पूर्वेकडे उघडत नाही.

आपण या तक्रारीपाशी जरा रेंगाळू या. पूर्वेला शत्रू सॉरॉनच्या मॉर्डॉरचा अंधार आहे, आणि ज्याच्यात तिचा जीव गुंतला आहे तो गॉन्डोरचा भावी राजा आरागॉर्नही सैन्य घेऊन तिकडेच निघाला आहे. फारामिर तिला उपदेश करत नाही, धीराचे शब्दही उधळत नाही. खिडकीची सोय करतो आणि बागेत फिरायला बोलावतो, म्हणजे पूर्वेकडे पाहताना ती एकटी नसेल. पुढे तिच्यासोबत लढलेल्या मेरी या हॉबिटशी बोलताना तिच्या मनातलं बरंचसं त्याला उमगतं, तरीही तटावर तिच्या शेजारी उभं राहून तो त्याच दिशेकडे पाहत राहतो, आणि हे शेजारी उभं राहणं किती निरपेक्ष आहे! वाऱ्यात ती गारठते, तेव्हा तो आपल्या अकाली गेलेल्या आईचा गडद निळा, रुपेरी ताऱ्यांचा झगा तिच्या खांद्यांवर घालतो. त्याच्या आयुष्यातलं पहिलं दुःख असं तिची ऊब होतं. आणि सॉरॉनचं साम्राज्य कोसळतं त्या क्षणी दोघांचे हात एकमेकांत गुंफलेले असतात, त्यांच्या नकळत.

हे सगळं फार झटपट घडतं, असं काही वाचकांना वाटतं. पण १९१६च्या मार्चमध्ये एडिथशी लग्न करून जूनमध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या लेखकाला युद्धकाळातले दिवस किती भरगच्च असतात, हे ठाऊक होतं.

विजयोत्सवाला भाऊ बोलावत असूनही एओविन जात नाही, तेव्हा फारामिर कारण विचारतो. आरागॉर्नचं नाव स्वतःच्या तोंडाने घेतो, आणि स्पष्ट सांगतो, की तू दुःखी नसतीस, गॉन्डोरची राणी असतीस, तरी माझं प्रेम असंच असतं. दयेला तिथे जागाच उरत नाही. तिच्या मनातला हिवाळा सरतो, तलवारीऐवजी तिला आता रोग्यांची शुश्रूषा करावीशी वाटते, आणि तो उंच तटावर, भर उन्हात, सगळ्यांच्या देखत तिचं चुंबन घेतो.